‘शंभरपर्यंत येतं, पण…’ : पहिली-दुसरीच्या गणिताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच ते आठ वर्षांच्या मुलांचे पालक आणि या वर्गांना नव्याने शिकवू लागलेले शिक्षक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहिण्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुलगा शंभरपर्यंत अंक धडाधड म्हणतो. पण ‘सात बटणं दे’ म्हटलं की मूठभर उचलून देतो. असं कसं?

अंक म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं कवितेसारखं पाठ होतं. दुसऱ्यात बरंच काही एकदम जमावं लागतं. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली: एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या, कुठलीही गोष्ट मोजता येते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर बदलत नाही.

बहुतेक मुलं तिसऱ्या तत्त्वाशी अडतात. ते ओळखायला सोपं आहे. सात बटणं मोजायला सांगा आणि मोजून झाल्यावर विचारा, “मग किती आहेत?” मूल पुन्हा ‘एक, दोन…’ सुरू करत असेल, तर ‘सात’ हा त्याच्यासाठी शेवटच्या बटणावर पडलेला शब्द आहे, सगळ्या बटणांची संख्या नाही. अशा वेळी ‘मोज’ कमी आणि ‘दे’ जास्त म्हणा: चार दे, सहा दे. आणि स्वतः मोजून दाखवताना संख्या आधी सांगा: “ही चार बटणं. एक, दोन, तीन, चार. चार.” चार वर्षांच्या मुलात हे कच्चं असणं अगदी नेहमीचं आहे. सहा वर्षांच्या मुलात असेल तर बेरजेचा हट्ट सोडून आधी इथे काम करा.

२. ‘संख्याबोध’ म्हणजे नेमकं काय?

९९ मध्ये १ मिळवायला सांगितल्यावर जे मूल बोटं उघडतं आणि जे हसतं, त्या दोघांमधला फरक म्हणजे संख्याबोध. संख्या मोडता येते, जोडता येते, तिला शेजारी असतात, हे आतून माहीत असणं. ८ + ७ हे कुणी ‘सात आणि सात चौदा, वर एक’ असं करतं, कुणी ‘आठाला दोन देऊन दहा, उरले पाच’ असं. दोन्ही मुलांना संख्येचा सांधा कुठे आहे ते ठाऊक आहे. पंधरा हे उत्तर पाठ असलेलं मूल ८ + ७ ला त्यांच्याइतकंच पुढे दिसेल. ८ + ९ आलं की कळतं.

३. फाशावरचे ठिपके ती न मोजता सांगते. हा अंदाज असतो का?

अंदाज नाही, नजर आहे. तीन-चार वस्तूंपर्यंतची संख्या आपल्याला न मोजता दिसते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७१ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला होता. पेटीत दाणे टाकायचे आणि एका नजरेत किती पडले ते सांगायचं. तीन-चार दाण्यांना ते कधी चुकले नाहीत, पाचापासून चुका सुरू झाल्या. मोठ्या माणसाची ही गत, मग पाच वर्षांच्या मुलाने आठ ठिपके ‘पटकन’ सांगावेत ही अपेक्षा कशाला?

पण या नजरेचा उपयोग मोठा आहे. एका कागदावर पाच ठिपके काढा, तीन एका बाजूला, दोन दुसऱ्या. दोन सेकंद दाखवून झाका. “किती?” हा प्रश्न दुय्यम, “कसे दिसले?” हा खरा. मूल म्हणतं, “तीन आणि दोन दिसले.” दुसरं म्हणतं, “चार होते आणि एक बाजूला.” बेरजेचं चिन्ह न दाखवता बेरीज झाली. रोज पाच मिनिटं पुरे.

४. बोटांवर मोजू द्यावं का? आमच्याकडे सगळे म्हणतात, सवय लागेल.

द्यावं, बिनधास्त. या प्रश्नावर माझं मत सर्वांत ठाम आहे, कारण बोटं मागे लपवून, बाकाखाली मोजणारी मुलं मी पाहिली आहेत. मोजणं थांबत नाही, फक्त लाज वाढते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बोटं न वापरणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलांना बोटांवर बेरीज शिकवली, तर त्यांची बरोबर उत्तरं साधारण ३७ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेली.

बोटं वापरतो का, यापेक्षा कशी वापरतो ते पाहा. ३ + ८ साठी मूल आधी तीन बोटं उघडतं, मग आठ बोटं शोधतं, ती पुरत नाहीत, मग सगळं पुन्हा एकपासून मोजतं. ही पहिली पायरी. काही महिन्यांनी तेच मूल ‘आठ’ डोक्यात धरून ‘नऊ, दहा, अकरा’ म्हणत तीनच बोटं उघडतं. ही दुसरी. तिसऱ्या पायरीवर बोटं आपोआप कमी होतात, कारण जोड्या लक्षात राहू लागतात. मूल वर्षभर पहिल्याच पायरीवर असेल तर ‘मोठी संख्या डोक्यात, लहान बोटांवर’ हे करून दाखवा. बोटं बंद करू नका.

५. घरी कोणतं साहित्य लागतं? महागडे संच घ्यावेत का?

नकोत. दहा-वीस सारखी बटणं किंवा खडे, शंभर काड्या आणि रबर, एक फासा, कागद. कागदावर दोन ओळींत पाच-पाच घरं आखली की दहाची चौकट तयार. सहा बटणं ठेवली की चार घरं रिकामी दिसतात, आणि ‘सहाला दहा व्हायला चार हवेत’ हे पाठ करावं लागत नाही. पाच-पाच मण्यांचे दोन रंग आलटून पालटून ओवलेली वीस मण्यांची माळही अशीच कामाची.

सगळ्यांत स्वस्त आणि परिणामकारक म्हणजे सरळ पट्टीचा खेळ. १ ते १० अशी दहा घरं एका रेषेत काढायची, फासा म्हणून १ आणि २ लिहिलेली चकती, आणि सोंगटी पुढे न्यायची. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हाच खेळ लहान मुलांना दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत खेळायला दिला. त्यांचं संख्यांचं ज्ञान स्पष्ट सुधारलं आणि नऊ आठवड्यांनीही टिकलं. ज्यांना आकड्यांऐवजी रंगांची पट्टी दिली होती त्यांचं सुधारलं नाही.

खुबी सोंगटी हलवतानाच्या बोलण्यात आहे. पाचव्या घरावरून दोन घरं जायचं तर मुलाने ‘एक, दोन’ नाही, ‘सहा, सात’ म्हणायचं. एवढं पाळलंत तर बाकी खेळ तोच शिकवतो.

६. सत्तावीस सांगितलं की मुलगी ७२ लिहिते. तिला काही अडचण आहे का?

अडचण तिच्यात कमी आणि आपल्या संख्यानामांत जास्त. ‘सत्तावीस’ या शब्दात सात आधी ऐकू येतात, वीस नंतर. ती कानाशी इमान राखून आधी ७ लिहिते, मग २. जर्मन आणि डच भाषांतही एकक आधी येतो, आणि तिथली मुलंही अशीच उलटापालट करतात. चिनीत मात्र ‘दोन-दहा-सात’ असं सरळ म्हणतात.

मराठीत आणखी दोन खाचा आहेत. एक म्हणजे ‘एकोण’. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत, आणि प्रत्येक नावात पुढच्या दशकाचं नाव ऐकू येतं. मूल ‘एकोणतीस’मधला तीस ऐकतं आणि ३९ किंवा ३१ लिहून मोकळं होतं. नियम लागला असं वाटेपर्यंत नव्याण्णव येतं, तिथे एकोण नाही. दुसरी खाच म्हणजे दशकाचं नाव रूप बदलतं: साठ, पण त्रेसष्ट; सत्तर, पण बाहत्तर; पन्नास, पण त्रेपन्न. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘साठ तीन’ असं वाचन आलं तेव्हा त्यावर मोठी चर्चा झाली, टिंगलही झाली. माझ्या मते वाद नको तिथे रंगला. त्रेसष्ट शब्द हवाच, कारण घरीदारी तोच बोलतात. पण ‘साठ आणि तीन’ हे त्याचं पोट आहे, आणि ते मुलाला उघडून दाखवलंच पाहिजे.

घरी असं करा. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधा. ‘सत्तावीस’ म्हणा आणि लिहायला न सांगता मांडायला सांगा. दोन गठ्ठे, सात सुट्या. मग “वीस आणि सात, सत्तावीस” हे तिच्या तोंडून येऊ द्या. त्यानंतर पेन्सिल. एकोणतीससाठी तीन गठ्ठे मांडून त्यातली एक काडी काढून घ्या. गठ्ठा सोडावा लागतो, दोन उरतात, नऊ सुट्या होतात. हे एकदा हाताने केलं की ‘एकोण’चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

७. ५२ – ३८ चं उत्तर २६ काढतो. हातचा घ्यायला शंभरदा सांगितलं.

त्याने काय केलं पाहा: पाचातून तीन गेले, दोन. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घेतले, सहा. ही निष्काळजी चूक नाही, नियम आहे. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे आपणच शिकवलेलं वाक्य त्याने प्रत्येक रकान्याला लावलं. १०१ व्या वेळी सांगून हे जाणार नाही.

उभी मांडणी काही दिवस बाजूला ठेवा. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या समोर ठेवून “अडतीस मला दे” म्हणा. तो तीन गठ्ठे देईल आणि आठ सुट्यांसाठी थांबेल. त्या थांबण्यात गणित आहे. लगेच बोलू नका. तो आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतो.

‘उसना घेतला’ हा शब्दप्रयोग मी सोडून दिला, कारण एका मुलीने मला विचारलं होतं, “मग परत कधी द्यायचा?” तिचं बरोबर होतं. कुणी काही उसनं घेत नाही, गठ्ठा सोडतो. दुसरा मार्गही दाखवा: ३८ ते ४० दोन, ४० ते ५२ बारा, म्हणजे चौदा. मूल पेचात पडेल तेव्हा दोन्हीपैकी एक हाताशी राहतो.

८. बटणं पसरून ठेवली की ‘जास्त झाली’ म्हणतो. आत्ताच तर मोजली होती!

हे वयाचं आहे. मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. ओळ लांबली की संख्या वाढली, असं बऱ्याच मुलांना सहा-सात वर्षांपर्यंत वाटतं. समजावत बसू नका. पुन्हा मोजू द्या, आश्चर्य वाटू द्या.

९. ८ + ४ = □ + ५ यात मुलगी चौकटीत १२ लिहिते. एवढं सोपं का येत नाही?

कारण तिच्यासाठी ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच उदाहरण पहिली ते सहावीच्या मुलांना दिलं होतं. कुठल्याच इयत्तेत दहा टक्क्यांहून जास्त मुलांना ७ हे उत्तर आलं नाही. बाकीच्यांनी बहुतेक १२ किंवा १७ लिहिलं. म्हणजे हे वाढत्या वयाने आपोआप सुटत नाही.

बेरजा नेहमी ३ + ४ = □ अशाच लिहिल्या की ही समजूत घट्ट होते. कधी ७ = ३ + ४ लिहा, कधी ६ = ६, कधी ५ + २ = ४ + ३, आणि “खरं की खोटं?” विचारा. ‘६ = ६’ वर मुलं हमखास चिडतात, “यात गणितच नाही!” मग वाद घालू द्या. चिन्ह वाचताना ‘बरोबर’पेक्षा ‘दोन्हीकडे सारखं’ असं वाचलं तरी फरक पडतो.

१०. शाब्दिक उदाहरण वाचून पहिला प्रश्न असतो, “मिळवायचं की वजा करायचं?”

कारण ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी अशी खुणेची युक्ती कुणीतरी शिकवलेली असते. ती फार दिवस चालत नाही. हे घ्या: ‘रमाकडे ८ गोट्या आहेत. त्या अनयकडच्या गोट्यांपेक्षा ३ जास्त आहेत. अनयकडे किती?’ ‘जास्त’ पाहून मूल ११ सांगतं.

आकडे झाकून गोष्ट वाचा. “रमाकडे काही गोट्या आहेत. अनयपेक्षा थोड्या जास्त. कुणाकडे कमी?” चित्र काढू द्या, दोन पट्ट्या, एक लांब, एक आखूड. मग आकडे उघडा. उत्तराआधी “साधारण किती येईल, आठापेक्षा कमी की जास्त?” एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं.

११. पाढे पाठ करून घ्यावेत की नाही?

घ्यावेत, पण ‘बे दुणे चार’ म्हणजे दोन-दोनच्या दोन जोड्या हे मांडून झाल्यावर. अर्थाशिवायच्या पाढ्यात अडचण अशी की ‘सहा साते’ आठवलं नाही की मूल पुन्हा ‘सहा एके सहा’पासून सुरू करतं. ज्याला सहा पंचे तीस पक्कं आहे आणि पुढे दोन वेळा सहा मिळवता येतात, ते अडत नाही. दोन, पाच, दहा आधी. मग चार म्हणजे दोनाची दुप्पट. सात शेवटी, तोपर्यंत त्यातलं बहुतेक उलट बाजूने येऊन गेलेलं असतं.

१२. वेळ लावून चाचणी घेतली तर वेग वाढेल ना?

मी वर्गात हे वर्षभर केलं आहे. दोन मिनिटं, वीस बेरजा, हातात घड्याळ. त्यात एक मुलगा होता, ज्याच्याशी बोलताना उत्तरं झटपट यायची. कागदावर त्याने शेवटी-शेवटी सगळीकडे ९ लिहायला सुरुवात केली. मी आधी त्याला आळशी समजले. नंतर विचारलं तर म्हणाला, “रिकामं ठेवलं तर दिसतं.” त्यानंतर मी घड्याळ ठेवून दिलं.

भीती वाटली की ती मनातल्या कच्च्या पाटीवरची जागा खाते, आणि बेरीज त्याच पाटीवर करायची असते. पहिली-दुसरीच्या मुलांवरच्या २०१३ मधल्या एका अभ्यासात तर ज्यांची ही पाटी मोठी, अशाच मुलांचं भीतीने जास्त नुकसान झालेलं दिसलं. सराव रोज थोडा आणि न घाबरवता झाला की वेग मागून येतो.

१३. आत्मविश्वास वाढावा म्हणून ‘हुशार आहेस’ म्हणते. चालेल ना?

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांत ‘हुशार’ म्हणून कौतुक झालेली पाचवीच्या वयाची मुलं पुढे अवघड काम टाळू लागली. मेहनतीचं कौतुक झालेली टाळत नव्हती. पण ‘छान मेहनत केलीस’ हेही रोज म्हटलं की गुळगुळीत होतं. नेमकं बोला: “तू नवाचे दहा केलेस आणि एक परत काढलास, ते मला सुचलं नव्हतं.”

आणि उत्तर बरोबर असतानाही “कसं काढलंस?” विचारा. फक्त चुकल्यावरच विचारलं, तर तो प्रश्न म्हणजेच ‘चुकलास’ असं मूल शिकतं.

१४. मला स्वतःला गणिताची भीती वाटते. मी शिकवू नये का?

पहिली-दुसरीच्या मुलांवरच्या २०१५ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की गणिताची धास्ती असलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करत, तेव्हा त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. अशाच पालकांनी मदत क्वचित केली तर हा परिणाम दिसला नाही. म्हणून गृहपाठावर बसण्यापेक्षा खेळा: पट्टी (प्रश्न ५), ठिपके (प्रश्न ३). आणि ‘आपल्या घरात कुणालाच गणित येत नाही’ हे वाक्य मुलासमोर उच्चारू नका, थट्टेतही.

१५. पट्टीवर ५ + ३ करताना उत्तर नेहमी ७ येतं. एकाने चूक!

तो ‘पाच’वर बोट ठेवून ‘एक’ म्हणतो. घरं मोजतो, उड्या नाही. “उभा आहेस ती उडी झाली का?” असं विचारा आणि जमिनीवर खडूने पट्टी काढून खरंच उड्या मारायला लावा. प्रश्न ५ मधली ‘सहा, सात’ची सवय लागली की ही चूक जाते.

१६. अंक उलटे लिहितो, साध्या बेरजा विसरतो. डिस्कॅल्क्युलिया (गणित शिकण्यातली कायमची अडचण) असेल का?

सहा-सात वर्षांपर्यंत ३ किंवा ७ उलटा लिहिणं सर्रास दिसतं; त्यावरून काही ठरत नाही. २७ चे ७२ करणंही नाही (प्रश्न ६). पण आठ वर्षांच्या आसपास, नीट आणि शांतपणे शिकवूनही, तीन ठिपके मोजावे लागत असतील, ५ आणि ९ मध्ये मोठा कोणता याला वेळ लागत असेल, काल पक्कं झालेलं आज पूर्ण पुसलं जात असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. अशी कायमस्वरूपी अडचण असणाऱ्या मुलांचं प्रमाण साधारण तीन ते सात टक्के सांगितलं जातं. आधी नजर आणि कान तपासा. माझ्या वर्गातल्या एका ‘कच्च्या’ मुलीला फळाच दिसत नव्हता.

१७. उत्तर बरोबर आहे, पण रीत पुस्तकातली नाही म्हणून गुण कापले. मुलगा म्हणतो, आता विचारच करत नाही.

असं एक कापलेलं उदाहरण माझ्याकडे आलं होतं. ६३ – २८. मुलाने लिहिलं होतं: ‘६०–२०=४०. ३ मधून ८ द्यायला ५ कमी पडतात. ४०–५=३५.’ लाल शाईत फुली, खाली उभी मांडणी.

शिक्षकांना भेटा, पण भांडायला नको. वही उघडून मुलालाच सांगू द्या. मुलाला मात्र एक गोष्ट विचारा: “तुझी रीत ८१ – ४६ ला चालेल का? आणि जिथे काही कमीच पडत नाही, तिथे?” त्याने तपासून ‘चालते’ म्हटलं तर रीत त्याची पक्की झाली. पुस्तकातली रीतही त्याला यायला हवी, परीक्षेत ती मागितली तर लिहायला हवी. या मुलाने वहीच्या मागच्या पानावर ‘माझी रीत’ अशी यादी सुरू केली. मी पाहिली तेव्हा त्यात चार होत्या, आणि एक चुकीची होती. तीही त्याने खोडली नव्हती, शेजारी फक्त लिहिलं होतं, ‘कधीकधीच चालते.’